वरील सर्व इसम एकच

आमचे काका हयात होते तोवर एकच होते. गेल्यावर ते चार निघाले. शाळेच्या दाखल्यावरचे काका वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सजलेले. सातबाऱ्यावर कुणा जुन्या तलाठ्याने त्यांचं हाकेचं नाव चढवलेलं. त्या नावाने त्यांना फक्त आजी आणि गोठ्यातल्या म्हशी ओळखत. विम्याच्या पॉलिसीवर नुसती आद्याक्षरं, आणि पासबुकात आडनाव पुढे येऊन मधलं नाव गहाळ. काकूंच्या मते चौघांत बरा तो पासबुकातला.

वकिलांनी मला प्रतिज्ञापत्र करायला लावलं: वरील सर्व नावांचे इसम ही एकच व्यक्ती. जन्मभर संसार करून काकूंना ज्याची खात्री देता आली नसती, ते मी नोटरीसमोर शपथेवर सांगून आलो.

मृत्युपत्र काकांनी केलं नाही. केलं की माणूस मरतो, असं त्यांचं मत. वास्तविक त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर सही करायची, दोन साक्षीदारांच्या घ्यायच्या. इतकी स्वस्त गोष्ट लोक करत नाहीत, बहुधा स्वस्त आहे म्हणूनच. मुंबईकरांना तर मृत्युपत्र हातात असूनही हायकोर्टातून प्रोबेट आणावं लागायचं. हे काकांनी कुठेतरी ऐकलं, आणि तेव्हापासून ते स्वतःला दूरदृष्टीचे समजू लागले.

नॉमिनी मात्र काकू होत्या, म्हणून आम्ही निश्चिंत. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेतल्या ठेवीपुरतं सर्वोच्च न्यायालयाने हे 2010 सालीच सांगून ठेवलंय. पैसे नॉमिनीच्या हाती येतात, हक्क वारसांचाच राहतो. नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात. म्हणजे गैरसमजही आता चौघांत वाटून घेता येईल.

वारस दाखल्यासाठी कोर्टात गेलो, तर ज्या नियमाखाली अर्ज करायचा तो कंपनी सरकारचा, 1827 चा निघाला. जोतीराव फुले जन्मले ते साल. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस: तमाम लोकांस कळविण्यात येते की, कोणाची हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी. ‘कुणाची आली का रे?’ काकू रोज विचारायच्या. आली नाही म्हटलं की जरा हिरमुसायच्या. एवढा मोठा माणूस गेला आणि कुणाचं काहीच म्हणणं नाही?

हरकत नव्हती, पण अट आली. काकांच्या मुलीने, आमच्या ताईने, हक्कसोडपत्रावर सही करावी हे गावाने गृहीतच धरलं होतं. साडीही घेऊन ठेवली होती. ताई म्हणाली, ‘सोडायचं की नाही ते मग बघू. आधी जमीन तर दाखवा.’ वडिलांच्या शेतावर तिला कुणी कधी नेलंच नव्हतं. भर उन्हात ती बांधाबांधाने हिंडली, विहिरीत डोकावली, आणि घरी येऊन म्हणाली, ‘माझं नाव लावा.’ मला मनातून फार बरं वाटलं. साडी तिने ठेवून घेतली.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात ते अजून भाऊसाहेबच. त्यांनी वारस नोंद धरली, फेरफार पडला, नोटिशीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. त्या भरात मी म्हटलं, ‘काकू, वीजबिलावर अजून आजोबांचं नाव आहे. तेही बदलून टाकू.’

‘ते राहू दे,’ काकू म्हणाल्या. ‘मामंजींचं बिल एकदाही थकलेलं नाही.’