नाव ठेवायला गेलो

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं हॅनोव्हरला गेलो, म्हणजे खरी गेली ही, मी डिंकाच्या लाडवांचे डबे उचलायला. तिथं मला काडीचं काम नव्हतं, आणि बिनकामाच्या आजोबांना नावं सुचतात. जर्मन शेजाऱ्यांच्या जिभेवर बसेल, शाळेत पोरं हसणार नाहीत, आपल्या मावशीलाही म्हणता येईल, असा चौफेर विचार करून मी भर चहात जाहीर केलं, "केविन!"

लेकीच्या हातातला लाडू बशीत पडला.

मग जावईबापूंनी शिकवणी घेतली. नाव मूळचं आयर्लंडमधल्या एका संताचं. १९९१ साली 'होम अलोन' जर्मनीत लागला, तोही थेट नावातच केविन घालून. त्याच सुमारास केविन कॉस्टनरचा लांडग्यांचा सिनेमा आला आणि त्या वर्षी मुलांच्या नावांत केविन पहिला. फ्रान्सातही तीच लाट. परदेशी नावाचं एक बरं असतं, त्या नावाचा उधारी बुडवणारा काका आपल्या घरात नसतो. पण गल्लोगल्ली केविन झाले, शिकल्यासवरल्यांनी नाकं मुरडली, आणि २००९ मध्ये ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठातल्या एका पाहणीत कुणा शिक्षकानं लिहून दिलं की केविन हे नाव नव्हे, रोगनिदान आहे!

हे मला इतकं आवडलं की कधी कुणाला सांगतो असं झालं. दुसऱ्याच दिवशी, लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीत दहा किलो तांदूळ घेऊन मी जिन्यात धापा टाकत बसलो असताना वरच्या मजल्यावरच्या तरुणानं पिशवी उचलली, मला हाताला धरून दारापर्यंत आणलं, वर नाडीही बघितली, आणि या उपकाराची फेड म्हणून मी माझ्या शाळकरी इंग्रजीत त्याला तो विनोद हातवाऱ्यांसकट ऐकवला.

त्यानं शांतपणे हात पुढे केला. "मी केविन. जन्म १९९१. डॉक्टर आहे, निदान मीच करतो."

बारसं झालं. आत्यानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कुर्र केलं, फोन बाळाच्या कानाशी मी धरला. नाव 'नील', 'निल्स'ची सवय असलेल्या जर्मनांना ते जड जात नाही. घुगऱ्यांची पहिली वाटी मी मुकाट्यानं वरच्या मजल्यावर देऊन आलो.

नाव ठेवायचा मान आत्याचा. आजोबांनी नुसती नावं ठेवली.