अबोलीचा अबोला

एरंडवण्यातल्या आमच्या तळमजल्याच्या मागे बाग आहे, असं मी म्हणतो. घरातले तिला बोळ म्हणतात. शेजारचा बंगला पडून तिथे टोलेजंग इमारत झाल्यापासून ऊन सकाळी पाऊण तास डोकावतं आणि चहा विचारायच्या आत उठतं. गुलाब रुसले, शेवंतीच्या नुसत्या काड्या उरल्या.

शेवटी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एक माळी म्हणाला, "साहेब, अबोली लावा. सावलीत कुरकुर करत नाही."

अबोली मूळची दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली, कोरांटी-अडुळशाच्या कुळातली. काटा नाही, वास नाही. चौकोनी कणसातून केशरी फुलं खालून वर, रांगेतला नंबर न मोडता उमलतात. गजऱ्यात वासाचं श्रेय मोगरा घेतो. पण मोगरा दुसऱ्या दिवशी मान टाकतो, अबोली टिकून राहते.

हट्ट एकच, पाण्याचा. मी मायेनं रोज तांब्या ओतला आणि पानं पिवळी पडली. सावलीत माती लवकर वाळत नाही, हे मला उशिरा उमगलं. आता आधी मातीत बोट खुपसतो, मगच तांब्याला हात लावतो.

तोवर जादाचं पाणी कमरेएवढ्या भिंतीवरच्या माझ्या कुंड्यांतून पलीकडे ठिबकून व्हायचं ते झालं होतं. पलीकडच्या काकूंनी अबोला धरला आणि आपल्या कुंडीत पाटी खोचली : 'पाणी आपापल्या हद्दीत जिरवावे.' दोन वर्षं आमच्यात तेवढाच पत्रव्यवहार.

मग जूनची पहिली सर आली आणि भिंतीवर चट्, चट् सुरू झालं. अबोलीची वाळलेली बोंडं भिजली की तडकतात आणि बी लांब उडवतात. वर्षभर गप्प बसलेली बाई त्या दिवशी हद्द वगैरे काही न पाहता बोलत होती.

श्रावणात भिंतीपलीकडून हाक आली.

"अहो, तुमची रोपं आमच्या कुंडीत उगवलीत. नेताय, की वाढवू?"

"वाढवा की!"

"पाणी किती घालायचं?"

"कमी."

"हे तुम्ही सांगताय?"

यंदा त्या कुंडीत अबोली फुलली आहे. पाटी अजून तिथेच आहे. फक्त 'हद्दीत' हा शब्द फुलांआड गेला आहे. छाटणीचा विषय मी काढलेला नाही. काकूंनीही नाही.