शेवट खुला

लोणारच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर गुरुजी बसलेले असले, की शहाणा माणूस बातमी सांगत नाही. मराठीचे निवृत्त मास्तर. जगभरच्या कथा वाचलेले आणि, दुर्दैव आमचं, त्या पाठ असलेले. एकजण सांगत होता, "गुरुजी, पोरीवाल्यांनी सोयरीक मोडली. मंग कळलं का पोरानंच आधी..." गुरुजींनी हात वर केला. "थांब! हा ओ. हेन्री झाला. शेवटी चटका द्याचा तर आधी आम्हाले पोराची माया वाटू दे. पह्यल्यापासून सांग." बिचाऱ्यानं सांगितलं. तोवर त्याची मेहकरची बस गेली.

गुरुजींचा जीव सरोवरात. एका खड्ड्याच्या दोन गोष्टी, असं त्यांचं मत. पुराणातली गोष्ट मारणाऱ्याचं नाव आधीच सांगून टाकते: विष्णूनं दैत्यसूदन होऊन लवणासुर मारला, हे पाणी म्हणजे त्याचं रक्त. शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी कीर्तनात माणूस हलत नाही. भूशास्त्रज्ञांची गोष्ट पोलिसी. आधी बेसाल्टमधलं पावणेदोन किलोमीटरहून रुंद भगदाड, मग पुरावे, मग अशनीवर आरोपपत्र. "आरोपीच सापडत नाही," गुरुजी चुकचुकतात. "अन् तारीख? कोणी ५० हजार वर्षं म्हणते, कोणी साडेपाच लाखांच्या वर!"

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा गुरुजी काठावर अक्षरशः नाचले. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली तर पुढे ती उडालीच पाहिजे, हा चेखॉव्हचा नियम. "पुराणानं रक्त टांगून ठेवलं होतं. उडालं!" पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. निष्कर्षाबद्दल गुरुजींची तक्रार नाही. "पण रहस्य असं फटकन फोडतेत का?"

जपानच्या अकुतागावानं १९२२ साली एका खुनाचे एकमेकांना छेद देणारे जबाब ओळीनं मांडले आणि निकाल दिलाच नाही. गुरुजी म्हणतात, त्यात नवं काय? आमच्या म्हाइंभटानं तेराव्या शतकात लीळाचरित्रात एकाच लीळेच्या वेगवेगळ्या आठवणी नोंदवून ठेवल्यात. चक्रधरस्वामी लोणारला राहिले होते, म्हणजे तंत्र लोणारचंच! हा निव्वळ गावाभिमान. म्हाइंभटाला खरी लीळा हाती लागावी अशी तळमळ होती. अकुतागावाला खरं हाती लागतं का, याचीच शंका. हे मी एकदा तोंडावर बोललो. तेव्हापासून चारचौघांत माझी ओळख 'अविश्वसनीय निवेदक' अशी करून देतात.

त्यांना पुरून उरतात त्या फक्त काकू. मी ओसरीवर बसलो असताना गुरुजी दवाखान्यातून आले.

"साखर किती निघाली?"

"सांगतो. सकाळी ढग दाटून आले होते. रिक्षावाला गप्प होता..."

"साखर."

"अगं, वातावरणनिर्मिती तर होऊ दे. अन् यात शेवट खुला ठेवला तर..."

काकूंनी हातातली फाइल ओढून घेतली. "२८०," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोरची बर्फीची बशीही आत घेऊन गेल्या.