आडनाव नको, कुळ सांगा

माहूरगडावर रेणुकेच्या दारात आडनावाला फारसा भाव नाही. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही हुद्द्याची नावं. 'कर' लावलेली गावाची. पण कुळाचार करायला बसलं की गोत्र विचारतात, मूळ गाव विचारतात. माणूस पुण्याला जाऊन आडनाव बदलून आला तरी तिथं सापडतोच.

लॅपटॉपचं तसं नाही. तैवानची क्लेवो कंपनी बोर्ड, कीबोर्ड, टचपॅड बसवून सांगाडा देते आणि विकणारा त्याचं बारसं करतो. तोच सांगाडा जर्मनीत टक्सेडो, अमेरिकेत सिस्टम७६. आपल्याकडं बारशाला तिरंगी स्टिकर पुरतं. केंद्र सरकारनं ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीला परवाना लावला आणि दुसऱ्याच दिवशी ३१ ऑक्टोबरपर्यंत सवलत जाहीर केली. स्टिकर छापणाऱ्यांना तेवढी उसंत द्यायलाच हवी होती.

आता गडाच्या पायथ्याचं एक सेवा केंद्र घ्या. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवायला पोरानं लिनक्स टाकलेलं. उत्पन्नाचा दाखला अर्धा भरून तो झाकण लावून चहाला गेला. परत येऊन झाकण उघडलं, तर बाण 'सबमिट'च्या बोटभर अलीकडं थिजलेला. पोरगा टचपॅड घासतोय, पुसतोय, फुंकर मारतोय. रांगेतून आवाज आला, "कामून हो, सर्वर डाऊन?"

"सर्वर चालू हाय काका. बोट डाऊन हाय."

बोटाचा दोष नाही. असले टचपॅड कीबोर्डच्याच जुन्या वाटेनं बोलतात. ही वाट आयबीएमच्या १९८४ च्या एटी संगणकातल्या ८०४२ या कीबोर्ड कंट्रोलर चिपपासून चालत आली आहे. चिप गेली, तिची नक्कल राहिली. वतन गेलं तरी पाटीलकी राहते तशी. काही सांगाडे झोपेतून उठले की या वाटेवर अडखळतात. म्हणून लिनक्सच्या गाभ्यात एक यादीच ठेवली आहे: अमुक यंत्र दिसलं की कंट्रोलर आधी रीसेट करा, तमुक चाचणी घेऊच नका.

पण यंत्र ओळखायचं कसं? त्यालाच विचारायचं. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत, उत्पादक, मॉडेल, बोर्ड असे रकाने असतात. विकणारा हौशी असेल तर उत्पादकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घालतो. आळशी असेल तर तिथं नुसतं 'नोटबुक' असतं. आणि कित्येक यंत्रांत तर कारखान्याची मूळ सूचनाच तशीच राहते: 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे हे उत्पादकानं भरावं. उत्पादकाला वाटलं विकणारा भरेल, विकणाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक भरेल. तलाठी कार्यालयात उमेदवारी केलेल्या कुणाचं तरी हे काम असावं.

शेवटी २०२२ च्या सुमारास क्लेवोचे सांगाडे त्या यादीत घालताना प्रोग्रामरांनी कोडमध्येच शेरा मारला, की यांचा उत्पादक एकतर 'नोटबुक' असतो नाहीतर प्रत्येक विक्रेत्यागणिक वेगळा. त्यातल्या त्यात भरवशाचं काय, तर बोर्डाचं नाव. म्हणून यादीत 'एन१४०सीयू', 'एनएस५०एमयू' असली नावं आहेत. जाहिरातीत ही कधी दिसत नाहीत, खोक्यावर नसतात, दुकानदाराला ठाऊक नसतात. कुळ तेवढं तिथं आहे.

सेवा केंद्रातल्या पोरानं कुणाला तरी विचारून तो रकाना वाचला, आपलं बोर्ड यादीत नाही म्हणून यादीतलेच उपाय हातानं लावले, आणि बाण हलला. आपल्याला एवढ्या लांब जायची सवय नाही. आपण स्टिकर वाचतो, छाती फुगवतो, आणि बाण अडला की माउस विकत आणतो.

खरी गंमत सरकारी कार्यालयात होईल. जडवस्तू नोंदवहीसाठी यंत्रालाच त्याचं नाव विचारा असं एखाद्या हुशार साहेबानं फर्मावलं, की कारकून इमानानं उत्तर उतरवून घेईल: 'नोटबुक, नग एक.' पुढच्या वर्षी लेखापरीक्षक येतील, त्या नोंदीवर बोट ठेवतील आणि आक्षेप काढतील: एका वहीस बत्तीस हजार रुपये खर्च, पाने किती, आखीव की कोरी, याचा खुलासा नाही.