गंजवैरी

टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस निवृत्त झाला की त्याला भजनीमंडळ मानवत नाही, आणि सोसायटीची कमिटी त्याला मानवली तरी कमिटीला तो मानवत नाही. मायक्रॉनमध्ये बोलणाऱ्या माणसाशी पाण्याच्या टाकीविषयी चर्चा कोण करणार? मग तो फंडाच्या पैशातून मुळशी तालुक्यात पाच गुंठे घेतो. शहाणा असेल तर पिरंगुटला थांबतो, त्याहून जरा कमी शहाणा असेल तर पौडला. आमचे काका पार ताम्हिणीला गेले.

आमचे म्हणजे कुणा एकाचे नव्हेत. पिंपरी, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यातल्या कारखान्यांनी हा नमुना घाऊक प्रमाणात घडवला आहे. ओळखायची खूण म्हणजे खिशाला पेन असतं की नाही ते सांगता येत नाही, पण सहा इंची स्टीलची पट्टी असते, आणि तिला तेलाचा हात दिलेला असतो. खिशावरचा डाग त्याचाच.

ताम्हिणीच्या पावसाविषयी काय सांगावं! 2024 च्या 25 जुलैला सकाळी संपलेल्या 24 तासांत तिथं 556 मिलिमीटर पडला. पुणे शहराला अख्ख्या वर्षात साधारण 700 ते 750 मिळतो, म्हणजे पुणेकरांचा वर्षाचा बहुतेक कोटा इथं एका दिवसात उरकला. जूनमध्ये घरात शिरलेलं धुकं गणपती झाले तरी पाय काढत नाही. मीठ सुटतं, काडेपेटी पेटत नाही, चपलेवर बुरशी धरते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढं गेली की लोखंडाला गंजायला निमित्त लागत नाही. इथं चार महिने ती नव्वदीच्या खाली उतरायला तयार नसते. अशा जागी दोन ट्रंका भरून पोलादी हत्यारं घेऊन राहायला का गेलात, असं विचारलं तर काका म्हणतात, "कोरड्या हवेत काय, कुणीही सांभाळेल!" दिल्लीच्या लोहस्तंभाचं कौतुक त्यांच्यासमोर काढू नये. सोळाशे वर्षं गंजला नाही, त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, हे सगळं त्यांना मान्य आहे. "पण दिल्लीत उभा आहे ना? एक पावसाळा इथं विंझाईच्या देवळापाशी आणून ठेवा म्हणावं."

घरामागं पत्र्याची शेड, तिच्यात शेगडा ठोकलेलं टेबल, आणि भिंतीला लोखंडी कपाट. कपाटात पटाशा, रंधे, गुण्या, गिरमिटं, कानशी. निम्मा माल पुण्याच्या जुन्या बाजारातला, रविवारी सकाळी घासाघीस करून आणलेला. आत पंधरा वॅटचा पिवळा बल्ब अष्टौप्रहर तेवत असतो, कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार अंश गरम राहिली की हत्यारावर दव धरत नाही. शिवाय पुड्या बांधलेले निळे सिलिका जेलचे खडे. ते ओल पिऊन गुलाबी झाले की काका कढई मागतात आणि मंद आचेवर शेंगदाणे भाजावेत तसे पुन्हा निळे होईस्तोवर परततात. काकूंनी ती कढई आता स्वयंपाकघरातून बाद धरली आहे. दिवे गेले की इतरांना फ्रिजमधल्या दुधाची काळजी लागते; काकांना रंध्याची. वायरमनच्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'बल्बवाले' म्हणून आहे.

व्हरांड्यात कपडे वाळत घालायच्या तारेला पोलादाच्या पट्ट्या टांगलेल्या दिसतात. प्रत्येकीला चिठ्ठी: खोबरेल, एरंडेल, शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, मेण आणि टर्पेंटाइन, जवसाचं तेल. कारखान्यात याच कामाला बंद पेटीत 35 अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात. काका नुसती खिडकी उघडतात. आजवरचा निकाल असा की मेण-टर्पेंटाइन पहिलं, जवस दुसरं. पण जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून टाकलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ती फडकी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. घरातलं माणूस त्या बादलीला हात लावत नाही. खोबरेल शेवटून पहिलं आलं, तेव्हापासून काका डोक्यालाही ते लावत नाहीत.

खरा सोहळा श्रावणात. लोहाराच्या पद्धतीनं हत्यार तापवून तेलात बुडवलं की काळंभोर होतं, पण तापवण्याच्या भरात पटाशीचं पाणी उतरतं आणि मग ती लोणी कापायच्या लायकीची उरते. कारखान्यातलं ब्लॅकोडायझिंग म्हणजे कॉस्टिकचं उकळतं द्रावण, पारा 140 च्या आसपास. घरात ते करायचं तर विमा आधी उतरवावा लागेल. म्हणून काका जुन्या बंदूक कारागिरांची रीत वापरतात. हत्यार घासूनपुसून लख्ख करायचं, तेलाचा अंश ठेवायचा नाही, मग त्याला मुद्दाम गंज चढवायचा. विलायतेत त्यासाठी ओलसर हवेचं खास कपाट लागे; ताम्हिणीत व्हरांड्यातला खिळा पुरतो. सकाळपर्यंत तांबूस साय धरते. मग ती वाफवायची. उकळत्या पाण्याच्या वाफेत तो तांबडा गंज काळा होतो, लोखंडाचंच वेगळं ऑक्साइड, घट्ट चिकटून बसणारं. बारीक तारेच्या ब्रशनं वरची पूड झाडायची, पुन्हा गंजवायचं, पुन्हा वाफवायचं. शत्रूचा सरदार फोडून त्यालाच किल्लेदार नेमावा, असा हा डाव आहे, आणि तो समजावून सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मुलीच्या लग्नातही आलं नव्हतं.

वाफवायला मोदकपात्र. चाळणीवर पटाशा ओळीनं उभ्या, खाली पागोळ्यांचं पाणी, कारण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग पडतात. झाकण उचललं की काकूंना उकडीचा नव्हे, कारखान्याचा वास येतो. "गणपती बसायच्या आत मला हे पात्र परत हवंय, आणि हे नकोय, नवीन हवंय," असं त्या दर श्रावणात सांगतात. माळ्यावर चार मोदकपात्रं जमली आहेत.

मुलीच्या लग्नाचीही हकिकत आहेच. बघायला आलेल्या मुलानं बोलता बोलता टेबलावरची उघडी पोलादी पट्टी हातात घेतली. पाहुणे गेले, आठवडा गेला, आणि पट्टीवर पाच बोटांचे तांबडे ठसे उमटले. घामातलं मीठ काही जणांचं फारच जहाल असतं. घरात सगळे पत्रिकेतले गुण मोजत होते, तेव्हा काका भिंग घेऊन पट्टी बघत होते. लग्न झालं, मुलगा सोन्यासारखा आहे, पण दिवाळसणाला त्याला ओवाळण्याआधी हातमोजे देण्यात आले. पट्टी अजून आहे. तिला मेण लावलेलं आहे, ठशांसकट.

एवढ्या हत्यारांनी बनवलं काय, हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायचा नसतो. माझ्या माहितीत दोन वस्तू बनल्या: तेलाच्या बाटल्यांचं स्टँड आणि हत्यारांची पेटी. मागच्या दाराची खिट्टी निखळली तेव्हा पौडहून सुतार बोलावला, कारण पटाशीला आदल्याच दिवशी मेणाचा हात दिला होता.

गेल्या आषाढात कुंपणावर आंब्याची फांदी पडली. काका कुऱ्हाड काढायला गेले. आधी वरचा मेणकागद, मग तेलकट कागद, मग फडकं, मग ग्रीस पुसायला रॉकेल. ते बाहेर येईस्तोवर शेजारच्या आबांनी कोयत्यानं फांदीची मोळी बांधून ठेवली होती. काकांनी कोयता हातात घेतला, मोजे घालून. पात्यावर काळपट झाक, धारेला लखलख, गंजाचा ठिपका नाही.

"आबा, याला काय लावता तुम्ही?"

"काय लावायचंय सायेब? सकाळी लाकडाला लावतो, सांजच्याला चुलीमागं कुडात खोचतो."

यातलं पहिलं अर्धं वाक्य काकांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्या अर्ध्याची नोंद वहीत झाली: धूर, उष्णता, काजळीचा चिकट थर. महिन्याभरात शेडमध्ये मातीची चूल घातली गेली, वर धुरांड्याचं पन्हाळ आणि दांडीला टांगलेल्या बारा पट्ट्या, चिठ्ठ्यांसह: ऐन, आंबा, करवंद. चूल रोज दोन तास पेटते. आयती चूल पेटलेलीच आहे तर दोन भाकऱ्या टाकते, असं काकू म्हणाल्या.

"भाकरीची वाफ असते," काका म्हणाले आणि शेडचं दार लावून घेतलं.