बॉटचा सल्ला, क्लार्कची डायरी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या वकिलांना नवा सल्लागार मिळाला आहे. तो चहा मागत नाही, बार रूममधली खुर्ची अडवत नाही आणि कितीही बाळबोध प्रश्न विचारा, आधी ‘उत्तम प्रश्न!’ म्हणतो. उभा जन्म न्यायाधीशांकडून ‘वकीलसाहेब, मुद्द्यावर या’ एवढंच ऐकलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात कुणी उत्तम म्हटलं, की पुढचं सगळं आपोआप पटत जातं. चॅटबॉटचं निम्मं यश इथेच आहे.

कायद्याचं काही त्याला विचारू नये, एवढं शहाण्या वकिलांना आता कळलंय. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल झाले आणि वकिलांना ५ हजार डॉलरचा दंड बसला. ते लांबचं म्हणून सोडून देऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. ज्या योजनेखाली तो आदेश निघाला तिचं नाव ‘फेसलेस असेसमेंट’. चेहरा आधीच काढला होता, पाठोपाठ निवाडेही गेले. मग जानेवारी २०२६ मध्ये त्याच न्यायालयात लेखी युक्तिवादातला एक निवाडा शोधूनही सापडेना आणि पक्षकाराला ५० हजारांचा खर्च बसला. कागदावरच्या हिरव्या चौकटीतल्या बरोबरच्या खुणा बघूनच न्यायमूर्तींना यंत्राचा वास आला होता. युक्तिवाद बरोबर की चूक हे ठरवणं हे खरं तर त्यांचं काम. या युक्तिवादाने ते स्वतःच उरकून टाकलं होतं.

आता कुणी म्हणेल, उल्हासनगरकरांनी तरी याला नाकं मुरडू नयेत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सांगत सांगत अख्ख्या महाराष्ट्राने इथला माल घरी नेला. पण त्या मालाची एक सचोटी होती. घड्याळ आठ दिवसांत बंद पडलं तरी मनगटावर घड्याळ तर असायचं! बॉटच्या निवाड्याला पक्षकार असतात, वर्ष असतं, खंड असतो, पान असतं. निवाडा तेवढा नसतो.

म्हणून हुशार वकिलांनी मधला मार्ग काढला. कायदा आपला आपण बघायचा, बॉटला विचारायचं ते ऑफिस कसं चालवावं एवढंच. यात मोठी सोय आहे. व्यवस्थापनाचा सल्ला खोटा निघाला तर तो पकडायला समोर न्यायाधीश नसतो.

उदाहरणादाखल एक वकीलसाहेब घेऊ. नाव नको, कारण उल्हासनगरच्या प्रत्येक कॅम्पात असे एक तरी सापडतील. राहणार बदलापूर, ऑफिस उल्हासनगरातल्या एका बॅरेकीत, प्रॅक्टिस उल्हासनगर आणि कल्याण कोर्टात, अशील बरेचसे अंबरनाथ एमआयडीसीतले. ‘फर्म’ म्हणजे ते स्वतः, एक ज्युनियर, एक क्लार्क आणि एक प्रिंटर. त्यांनी एका रात्री टाइप केलं : ‘माझी लॉ फर्म कशी वाढवू?’ बॉटने क्षणात बारा कलमी आराखडा दिला. मुंबईतल्या महात्मा गांधी रोडवरच्या एखाद्या बड्या सॉलिसिटर फर्मलाही तो जरा सैलच झाला असता.

कलम पहिलं : वेळ मोजा. अमेरिकेतल्या फर्म तासाचे दहा तुकडे करतात आणि प्रत्येक सहा मिनिटांचं बिल लावतात. साहेबांनी टेबलावर स्टॉपवॉच ठेवलं. पहिला अशील फर्निचरचा व्यापारी. सहा मिनिटं भाच्याच्या लग्नात गेली, पुढची सहा गुडघेदुखीत. मग त्याची नजर घड्याळावर गेली. म्हणाला, ‘साईं, मीटर तो इधर रिक्षा में भी नहीं चलता.’

कोर्टातला वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा, हाही प्रश्न होताच. बोर्डावर नंबर एकतिसावा, पुकारा कधी होईल ते शिपायालाही ठाऊक नाही आणि हाती लागते ती पुढची तारीख. बॉट म्हणाला, ‘उत्तम प्रश्न! प्रतीक्षेचा आणि प्रवासाचा वेळ वाचनासाठी वापरा.’ बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये फाइल उघडायला दोन हात लागतात. त्या वेळी एक हात कडीला असतो आणि दुसरा पाकिटावर.

कलम दुसरं : फीऐवजी निकालात वाटा मागा. कलम तिसरं : रील्स काढा, समाधानी अशिलांच्या प्रतिक्रिया टाका, नाक्यावर फलक लावा. कलम चौथं : जोडीला झेरॉक्स आणि स्टेशनरीचा धंदा सुरू करा, म्हणजे ग्राहकाला सगळं एका छताखाली. हे ऐकायला झकास वाटतं. अडचण एवढीच, की भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २० व्या नियमाने निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, ३६ व्याने जाहिरातीला आणि ४७ व्याने वकिलाने जातीने धंदा करायला. दरवाजावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. संकेतस्थळाला २००८ पासून मुभा आहे, पण नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण असल्या मोजक्या तपशिलापुरती. ज्या गावात नगरसेवकाच्या पुतण्याच्या वाढदिवसाला अख्खा चौक झाकून टाकतात, तिथे वकिलाला पाटी, आणि तीही बेताची! पण नियम हा नियम. बॉटने तिन्ही नियम एका दमात मोडले आणि शेवटी हसरा चेहरा टाकला. साहेबांनी चूक दाखवली तेव्हा तो म्हणाला, ‘तुमचं अगदी बरोबर आहे!’ आणि नवा आराखडा दिला. त्यात रील्सचं नाव ‘जनजागृती’ झालं होतं.

कलम पाचवं सगळ्यात गोड. सल्ला ‘तुमच्यासाठी खास’ हवा असेल तर प्रमुख अशिलांची प्रकरणं आणि फी इथे टाका. साहेबांनी भावाभावांच्या एका वाटपाच्या दाव्याची अख्खी कुंडली टाकून दिली. अशिलाने वकिलाला सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं. १ जुलै २०२४ पासून कायद्याचं नाव बदललं, १२६ व्या कलमाच्या जागी १३२ वं आलं. तोंड पूर्वीसारखंच बंद ठेवायचं आहे. बॅरेकीच्या भिंती पातळ, म्हणून इथले वकील अशिलाशी कुजबुजत बोलतात. रात्री तेच सगळं बॉटला सविस्तर टाइप करून सांगतात.

सहावं कलम क्लार्कचं. ‘जुनाट पद्धती बंद करा, नोंदी स्वयंचलित करा, मनुष्यबळ कमी करा.’ मनुष्यबळ म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले, साठीला टेकलेले गृहस्थ. त्यांच्या मांडीवर कापडी पुठ्ठ्याची डायरी, पानापानांत रिटर्न मेमोच्या झेरॉक्स, कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. अंबरनाथच्या कारखानदारांचे चेक वटेनासे झाले, की ही डायरीच फर्म चालवते. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटले की महिन्याच्या आत तक्रार दाखल. ही शेवटची तारीख हुकली की विलंबमाफीचा अर्ज, म्हणजे न्यायाधीशांपुढे हात जोडून उभं राहणं आलं. बॉटने सुचवलं होतं, की नव्या अशिलाचे पहिले ३० दिवस ‘समाधान सर्वेक्षणा’साठी राखून ठेवा. क्लार्क वाचून एवढंच म्हणाले, ‘साहेब, त्या तीस दिवसांत नोटीस गेली नाही तर समाधानी फक्त आरोपी राहील.’

त्याच आठवड्यात एक कारखानदार प्रिंटआउट घेऊन हजर झाला. त्यानेही बॉटला विचारलं होतं : ‘वकिलाचा खर्च कसा कमी करू?’ उत्तर होतं, ठोक फी ठरवा, नोटीस स्वतः लिहा, पटत नसेल तर वकील बदला. सुरुवात अर्थातच ‘उत्तम प्रश्न!’ने. म्हणजे ज्याने वकिलाला फी वाढवायला सांगितलं, त्यानेच अशिलाला ती पाडायला सांगितली. एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहायला वकिलाला बंदी आहे. बॉटला सनदच नसल्याने ती जाण्याचीही भीती नाही.

यंत्र फेकून द्या, असं कुणी म्हणत नाही. निकालांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर २०१९ मध्येच आणलं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून बजावलं, की निर्णय एआयने घ्यायचा नाही आणि त्याचं बाकीचं कामही माणसाने तपासायचं. यात मेख एकच, तपासणारा माणूस लागतो. वकीलपत्रावर वकिलाची सही असते आणि गैरवर्तन केलं तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या ३५ व्या कलमाखाली त्याची सनद जाऊ शकते. बॉटच्या खिडकीखाली मात्र बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘चुका होऊ शकतात, महत्त्वाची माहिती तपासून घ्या.’ वकिलांनी आपापल्या पाटीखाली हीच ओळ लिहून टाकली, तर फी कोण देईल?

आराखड्यातली उरलेली सहा कलमं साहेबांनी महिनाअखेरीपर्यंत लांबवली. त्या दिवशी क्लार्कनी पगारवाढीचा अर्ज पुढे ठेवला. भाषा सुबक, मुद्दे क्रमवार, एकही शब्द जास्तीचा नाही. साहेब चकित होऊन म्हणाले, ‘हा तुम्ही लिहिलात?’

‘मुलीने बॉटकडून लिहून घेतला,’ क्लार्क म्हणाले. ‘त्यात सुप्रीम कोर्टाचे दोन निवाडे घातले होते. मी लायब्ररीत जाऊन बघितले. नव्हते, म्हणून काढून टाकले. खाली सही माझी आहे ना.’