जन्मतःच वाकडी

बपेऱ्यात माझी ओळख ‘चिमटेवाली बाई’ अशी आहे. बावनथडीच्या काठी गाव, पलीकडं मध्य प्रदेश, आणि मासे दोन्ही राज्यांचे. पावसाळा लागला की शेजारचे भाऊ हमखास कुंपणाशी येतात, “बाई, दवाखान्यातला एखादा चिमटा आना नं, मासोळीच्या तोंडातला गळ काढाले बरा पडते.” त्यांना काय सांगू? रुग्णालयातून एक वेळ अख्खं कपाट बाहेर जाईल, आर्टरी फोर्सेप जाणार नाही; तिथं एकेक चिमटा मोजलेला असतो.

ऑपरेशन थिएटरमधली मोजणी मला मनापासून पटते. चिरा देण्याआधी मोजायचं, पोट शिवण्याआधी मोजायचं, शेवटी पुन्हा मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेची तपासणी-यादी काढली, तीत हे आहेच; पण आमच्या जुन्या सिस्टर त्याच्या कितीतरी आधीपासून रक्त टिपायचे मॉप उंच धरून मोठ्यानं आकडे म्हणायच्या. एक मॉप कमी भरला, की केवढाही मोठा सर्जन सुई-दोरा हातात धरून मुकाट उभा!

स्टोअरची मोजणी मात्र मार्चअखेरीची. तिथं कात्री कापते का, हे कुणी विचारत नाही. आहे का, एवढंच. गॉज कापून बोथट झालेली मेयो कात्री, दात झिजलेला नीडल होल्डर, लॉक न बसणारी ॲलिस फोर्सेप, सगळी मंडळी एका पेटीत निर्लेखन समितीची वाट बघत पडून असतात. कामाचं इन्स्ट्रुमेंट रोज ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर भाजून निघतं. निकामी झालं की सरकारी संरक्षण.

यंदा पडताळणीला आलेल्या साहेबांनी डेड स्टॉक रजिस्टरवर बोट ठेवलं.

“आर्टरी फोर्सेप, ८ इंची, सरळ, नग १. दाखवा.”

मी ट्रेमधली पुढं केली.

“ही तर वाकडी आहे. वाकली कशी?”

“वाकली नाही सर, जन्मतःच वाकडी. खोलातली रक्तवाहिनी धरताना टोक दिसावं म्हणून.”

“मग सरळ कुठंय?”

मी पेटी उघडली. सरळ आर्टरी सांध्यातून निखळून दोन ठिकाणी पडली होती. साहेबांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले, चष्मा वर सरकवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘सरळ : नोंद १, प्रत्यक्षात २. वाकडी : नोंद नाही, प्रत्यक्षात १. जादा साठ्याबाबत संबंधितांचा खुलासा घ्यावा.’